खसखशीएवढी गोचीड

जूनचा दुसरा आठवडा. लेक आंघोळ करून टॉवेल गुंडाळूनच बाहेर आला आणि म्हणाला, "आई, इथे मागे काही लाल दिसतंय का गं?" गुडघ्यामागच्या खळगीत वर्तुळ उमटलं होतं, माझ्या बांगडीएवढं. कडा लाल, आत फिकट, मधोमध पुन्हा लाल ठिपका. दाबलं तरी दुखेना, खाजही नव्हती. अंगात मात्र कणकण होती. गावी असते तर नायटा समजून मलम लावलं असतं.

आम्ही अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहतो. शेजारच्या आजींनी वर्तुळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "डॉक्टरांना फोन केलास?" इथल्या जुन्या माणसांना ते ओळखू येतं, कारण गोचीड चावून होणाऱ्या या 'लाइम' आजाराचं नावच इथल्या लाइम गावावरून पडलं आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या कितीतरी मुलांचे सांधे सुजत होते आणि तो लहान मुलांचा संधिवात आहे असंच सांगितलं जात होतं. दोन आयांना ते पटेना. एवढ्याशा गावात इतक्या मुलांना? त्या आरोग्य खात्याच्या मागे लागल्या, तेव्हा येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टिअर तपासाला आले. जंतू हाती लागायला मात्र १९८१ उजाडलं. विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडीच्या पोटात सापडला, म्हणून तो बोरेलिया बर्गडॉर्फेराय. पण सुरुवात त्या आयांनी केली, हे मी कधी विसरत नाही.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "गोचीड? अगं, ती गुरांना होते ना?" होतेच. आमच्या गोठ्यात आजी गाईच्या कानामागून टपोऱ्या गोचिडी काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. इथली पिल्लू गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी. चावताना तिच्या लाळेने जागा बधिर होते, त्यामुळे कळतही नाही. तिच्या पोटात जंतू येतो तो बहुधा उंदराच्या रक्तातून. ती आपलं रक्त पिऊ लागली की तो अंगावरचं प्रथिन बदलतो, तिच्या लाळेत उतरतो आणि मग आपल्यात शिरतो. या सगळ्याला बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त लागतात. त्याआधी गोचीड काढली, तर धोका फारच कमी.

हा जंतू स्क्रूसारखा पिळदार असतो, कातडीतून गिरमिटासारखा पुढे सरकतो. तो स्वतः विष सोडत नाही. त्याला गाठायला आपल्याच पेशी धावतात, आणि त्या झटापटीची सूज म्हणजे ते पसरत जाणारं वर्तुळ. उपचार झाले नाहीत तर तो रक्तातून लांबवर पोचतो. कुणाचा अर्धा चेहरा लुळा पडतो, कुणाच्या हृदयाचे ठोके अडखळतात, कुणाचा गुडघा काही महिन्यांनी सुजतो.

डॉक्टरांनी रक्त तपासलंच नाही, तेव्हा मी गोंधळले. त्यांनी शांतपणे समजावलं: तपासणीत दिसतात ती जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. आत्ता तपासणी केली तर 'काही नाही' असं उत्तर येण्याची शक्यता मोठी, आणि आपण उगाच निर्धास्त राहू. वर्तुळ हाच पुरावा. दहा दिवस डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक. नाव ऐकून मला मुंबईचा पावसाळा आठवला. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून देतात तीच ही गोळी. लेप्टोचा जंतूही याच पिळदार कुळातला.

दहा दिवस पुरे होईपर्यंत मी एकही गोळी चुकू दिली नाही. वर्तुळ विरलं, गुडघा ठीक आहे.

उन्हाळ्यात मुलांकडे इकडे येणाऱ्या आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. बागेत, गवतात हात घालून आलात की संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागे आणि केसांत नीट बघा. सगळ्यांनाच वर्तुळ उमटत नाही. गवतातून फिरल्यावर काही दिवसांनी नुसता ताप आला, तरी डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.

परवा धाकटीच्या मानेवर एक काळा ठिपका हलला. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढला. तेल नाही, रॉकेल नाही, पेटती काडी तर नाहीच. जागा साबणाने धुतली आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल केला. तीस दिवस रोज तिची मान बघायची आहे. आज चौथा.