अर्धा, पाव आणि एकराचे गुंठे

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेत मी पाचवीला गणित शिकवतो. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज मी अनेक वर्षे तिरकस गुणाकाराच्या रीतीने शिकवली. मुले त्या आठवड्यात उदाहरणे बिनचूक सोडवत, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्याच वह्यांत १/२ + १/३ = २/५ असे उत्तर हमखास दिसे, आणि ती चूक माझ्या शिकवण्यातली आहे हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

गेल्या वर्षी मी ते उत्तर खोडले नाही. चौकटीच्या वहीतून बारा चौकटी लांबीच्या पट्ट्या कापायला सांगितल्या. अर्धी पट्टी सहा चौकटींची, तिसरा हिस्सा चार चौकटींचा. दोन्ही जोडून पूर्ण पट्टीवर ठेवल्यावर दोनच चौकटी उघड्या राहिल्या. मग २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने एक मुलगी म्हणाली, "सर, अर्ध्यात अजून टाकलं, मंग ते अर्ध्याहून कमी कसं होईन?"

उरलेल्या दोन चौकटींचा तुकडा मुलांनी सरकवून पाहिला. तो अर्ध्यात तीनदा, तिसऱ्या हिश्शात दोनदा आणि पूर्ण पट्टीत सहादा बसतो, म्हणून ३/६ आणि २/६ मिळून ५/६. निरनिराळ्या आकाराचे तुकडे एकत्र मोजता येत नाहीत, त्यांना आधी एकाच मापाचे करावे लागते, हे त्यांना हाताने कळले. एका गटाचे उत्तर मात्र जुळेना, कारण एकाने दहा चौकटींची पट्टी कापली होती. 'पूर्ण' एकच हवे, हा मुद्दा मी सांगायचा विसरलो होतो.

नंतर वावराचे उदाहरण घेतले. एकराचे ४० गुंठे प्रत्येक घरात ठाऊक असतात. पाव एकरात तूर आणि २/५ एकरात कापूस, म्हणजे १० आणि १६ मिळून २६ गुंठे, अर्थात २६/४०, संक्षिप्त रूपात १३/२०. पुढे मी १/४ आणि १/३ एकर दिले. एक मुलगा बोटांवर हिशेब करत राहिला आणि म्हणाला, "चाळीसाचे तीन सारखे भाग होत नाहीत, सर. एकराचे बारा भाग करू." त्याने ३/१२ + ४/१२ = ७/१२ असे मांडले. लसावि, म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.