सात फोन

समुपदेशनाच्या खोलीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: रोज गोळी घेऊन रक्तातला एचआयव्ही मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली टिकला, तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. काल हे ऐकून एक बाई रडल्या. सहा वर्षं त्या नवऱ्यापासून लांब झोपत होत्या. आधी कुणीच सांगितलं नव्हतं त्यांना! फार राग आला मला.

मोठ्या शहरात चाचणी होते, औषध मिळतं. माणूस निसटतो तो घर बदलताना, कामाची पाळी बदलताना. म्हणून शक्यतो निकालाच्याच दिवशी औषध सुरू व्हावं आणि केंद्र रात्रीही उघडं असावं. निगेटिव्ह असलेल्यांसाठी प्रेपच्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या, गोळ्या आहेतच. औषध न्यायला न आलेल्यांना मी स्वतः फोन करते. आज सात केले, दोघांनी उचलला.