गावठाणापासून २०० मीटर: घरबांधणीच्या परवानगीचा माझा अनुभव

गावात घर बांधायला परवानगी लागत नाही, असं गावातलं कुणीही छातीठोकपणे सांगतं. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाची परवानगीतून सुटका केली आणि ३२०० फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे जायची गरज ठेवली नाही, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. बातमी खरी आहे. पण त्यात इमारतीची अट सैल झाली, जमिनीची नाही. जागा सातबाऱ्यावर शेती असेल, तर ती तेव्हा आधी अकृषिक, म्हणजे बिनशेती, व्हावी लागायची, आणि बँक त्याशिवाय गृहकर्जाचा एक रुपयाही सोडत नव्हती. २०२२ च्या उन्हाळ्यात मी या कामाला लागलो. काम झालं, घरही उभं राहिलं, तरी गावठाणापासूनच्या अंतराच्या दाखल्याचं नाव काढलं की आजही डोकं तापतं.

आमचं जुनं घर गावठाणात, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीत, भावकीच्या वाटण्यांत दोन खणांवर आलेलं. नवीन घर ओढ्यापलीकडच्या गटात बांधायचं, आप्पांच्या नावावरच्या जमिनीत. तिथून मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो, स्पीकरवरची आरती ऐकू येते. अशा जमिनींसाठी जमीन महसूल संहितेत २०१७ मध्ये कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी अकृषिक झाल्याचं मानायचं, ठरलेला कर भरून घ्यायचा आणि सनद, म्हणजे तसं लेखी प्रमाणपत्र, द्यायची. बिनशेतीची जुनी लांबलचक वाट नको, म्हणून ही सोय. कायदा चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो.

सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), फेरफार ही कागदपत्रं तलाठी भाऊसाहेबांकडून सहज मिळाली. आराखडा तालुक्यातल्या एका इंजिनिअरने काढून दिला. मोजणीला थोडा वेळ गेला, पण भूकरमापक कामाचा पक्का माणूस होता आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली. मोजणीचं एक सांगून ठेवतो: शेजारी ऊस असेल तर तो तुटल्यावरचीच तारीख मिळेल असं बघा, उभ्या उसात हद्दीच्या खुणा दाखवता येत नाहीत. आणि नोटिसा कार्यालयाकडून जात असल्या तरी लगतच्या खातेदारांना आदल्या दिवशी स्वतः भेटून या. आम्ही भेटलो होतो, त्यामुळे बांधावर एक शब्द वाढला नाही.

मग तहसील कार्यालयात अर्ज दिला आणि तिथे गाडं रुतलं.

टेबलावरच्या क्लार्कने फाइल उलगडून विचारलं, “गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, याचा दाखला कुठाय? भूमि अभिलेखकडून आणा.” भूमि अभिलेखमध्ये उत्तर मिळालं, “आम्ही हद्दी मोजतो, अंतराचे दाखले देत नाही. २०० मीटरच्या याद्या करणं तहसीलचं काम.” परत तहसील. “ते असंच सांगतात, तुम्ही आणा.” दोन्ही इमारती एकाच आवारात, मधे एक चिंचेचं झाड. मी पुण्याहून रजा टाकून यायचो आणि त्या चिंचेखालून इकडून तिकडे फिरत राहायचो. लिहून कुणीच काही देत नव्हतं. “साहेब मीटिंगला गेलेत”, “पुढच्या सोमवारी या”, “फाइल वर आहे”. वर म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आप्पांनी एकदा विचारलं, “अरं, पावलांनी मोजलं तरी समजतंय की, मग ह्यास्नी का समजंना?” त्यांना काय सांगणार?

या दिरंगाईची किंमत मला रुपयांत मोजावी लागली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. माझ्या कर्जाच्या मंजुरीची मुदत फाइल अडकलेली असतानाच संपली, आणि नवीन मंजुरी चढ्या व्याजाने घ्यावी लागली. तो जास्तीचा हप्ता मी आजही भरतोय. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ‘पुढच्या सोमवारी’ म्हणायला काहीच लागत नाही. अर्जदाराचं नुकसान मात्र रोज होत असतं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

सुटका झाली ती लेखी कागदामुळे. एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी सल्ला दिला, “तोंडी विचारणं बंद करा.” मी तहसीलदारांच्या नावे पत्र दिलं: अंतराचा अहवाल लागत असेल, तर तो आपल्या कार्यालयाने भूमि अभिलेखकडून मागवावा. पोच घेतली, आवक क्रमांक घेतला. काही दिवस वाट पाहून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. माझ्या अर्जावर आजवर कोणती कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणाकडे आहे, अर्जदाराने स्वतः दाखला आणावा असा कोणता आदेश आहे, त्याची प्रत द्या. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ती संपायच्या आधीच फोन आला, पत्र तयार आहे. ते पत्र भूमि अभिलेखमध्ये गेलं, गावनकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं गेलं आणि त्याच दिवशी शेरा मिळाला. पट्टी, नकाशा, शिक्का, एवढंच काम होतं. त्यासाठी माझा एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळी गेली.

पुढे चलन भरलं, सनद मिळाली. भरलेल्या चलनाची पावती जपून ठेवा, जमीन अकृषिक झाल्याचा पुरावा म्हणून कायदा ती मानतो.

अंतर गावठाणाच्या हद्दीपासून धरायचं असतं, चावडीपासून किंवा देवळापासून नाही. आमच्या शेजाऱ्यांनी चावडीपासून धरलं आणि आपली जमीन बसत नाही असं समजून गप्प बसले. मी त्यांना नकाशा दाखवला, आता त्यांचाही अर्ज गेलाय. मोजणीचे प्रकार डिसेंबर २०२४ पासून बदललेत: साधी, तातडी, अतितातडी जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिलेत, त्यामुळे माझ्या वेळच्या फीवर हिशेब करू नका. ज्यांची जागा गावठाणातच आहे त्यांनी स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) झाली का ते आधी बघावं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, बँकेत तो एकटा चालत नाही.

आणि कुठल्याही कार्यालयात अर्ज देताना दुसरी प्रत बरोबर न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. क्लार्क म्हणेल, “ठेवून जा, बघतो.” ठेवून जाऊ नका.