छोट्या इंजिनाच्या विमानासाठी सर्वो निवडताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात इंजिनाची रेडिओ कंट्रोल विमाने उडवणारे मोजकेच आहेत, आणि जो कोणी नव्याने या नादाला लागतो त्याचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "भाऊ, सर्वो किती किलोचा टाकू?" सर्वो म्हणजे रेडिओच्या आदेशाप्रमाणे विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी गिअरची मोटर. ०.८ सीसीपासून ४ सीसीपर्यंतच्या ग्लो (तापत्या प्लगवर पेट घेणाऱ्या) इंजिनांपुरते बोलायचे, तर हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा आहे. या आकाराच्या विमानात सर्वो ताकद कमी पडून क्वचितच दगा देतो. त्याचा घात करतात ते इंजिनाचे कंपन, गिअरमधला प्ले (म्हणजे ढिलाई) आणि एग्झॉस्टचे तेल.

ताकदीचा हिशेब एकदा करून पाहिला म्हणजे हे पटते. पेटीवर १.८ किलो-सेंमी लिहिलेले असते त्याचा अर्थ असा, की शाफ्टच्या केंद्रापासून १ सेंमीवर तो सर्वो १.८ किलोपर्यंतचा भार पेलतो. हॉर्नचे (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांडीचे) भोक २ सेंमीवर घेतले की भार निम्मा होतो. आता २.५ सीसीच्या विमानाचा एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता पट्टा, धरा : लांबी ३५ सेंमी, रुंदी ४ सेंमी. ताशी ९० किलोमीटर वेगाने तो २० अंश वळवायला साधारण अर्धा किलो-सेंमी टॉर्क लागतो. वेग दुप्पट झाला तर भार चौपट होतो, हे खरे. म्हणून सूर मारणाऱ्या विमानासाठी हाताशी राखीव ताकद हवी. तरीही कागदावर पाहिले तर नऊ ग्रॅमचा स्वस्त निळा सर्वोसुद्धा येथे पास होतो, आणि फसगत नेमकी येथेच होते.

कारण फोमच्या इलेक्ट्रिक विमानात वर्षानुवर्षे चालणारा तोच सर्वो इंजिनाच्या विमानात वेगळ्या परिस्थितीत असतो. मिनिटाला १५,००० फेऱ्यांनी फिरणारे टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला २५० धक्के देते. सर्वोच्या पोटात शाफ्टला जोडलेले एक छोटे पोटेन्शिओमीटर असते आणि शाफ्ट कोणत्या कोनात आहे हे सर्किटला त्याच्यावरूनच कळते. उड्डाणाचा बहुतेक वेळ सर्वो मध्यावर असतो, त्यामुळे पोटेन्शिओमीटरचा सरकता संपर्क पट्टीच्या त्याच एका ठिकाणी थरथरत राहतो आणि ती जागा झिजवतो. मग मध्याजवळ सर्वो थरथरू लागतो, म्हणजे विमान सरळ ठेवण्यासाठी जेथे त्याने सर्वांत स्थिर असायला हवे, तेथेच तो बिघडतो. प्रॉपेलर बॅलन्स करून लावला तर हे कंपन बरेच उतरते, पण संपत नाही.

दुसरे टोक म्हणजे जुना भरवशाचा स्टँडर्ड सर्वो. फुटाबाचा एस३००३ हा ३७ ग्रॅमचा, ४.८ व्होल्टवर ३.२ किलो-सेंमीचा सर्वो ६.५ सीसीच्या ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) उत्तम चालतो, परंतु २.५ सीसीच्या विमानात असे चार बसवले की १४८ ग्रॅम तेथेच गेले. त्यांच्या जागी १७ ग्रॅमच्या आसपासचे मिनी सर्वो घेतले तर सुमारे ८० ग्रॅम वाचतात. किलोभर वजनाच्या विमानाला हा फरक उतरताना स्पष्ट जाणवतो. हायटेकचा एचएस-८१ हा या मधल्या गटातला जुना नमुना : १६.६ ग्रॅम वजन आणि ४.८ व्होल्टवर २.६ किलो-सेंमी. माझ्या मते १.५ ते ४ सीसीपर्यंतच्या विमानांचा खरा सर्वो या गटातलाच आहे, आणि स्वस्त व स्टँडर्ड यांच्या मधला असल्यामुळेच बहुधा त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ०.८ सीसीच्या इंजिनांचे मात्र वेगळे आहे. त्यांतल्या अनेकांना थ्रॉटलच (वेग कमी-जास्त करण्याची सोय) नसतो, टाकी रिकामी होईपर्यंत ती पूर्ण वेगाने चालतात. तेथे रडर (शेपटीचा उभा, डावी-उजवीकडे वळवणारा पट्टा) आणि एलेव्हेटर असे दोनच सर्वो लागतात आणि वजनाची अडचण इतकी असते की चांगल्या प्रतीचा आठ-नऊ ग्रॅमचा सर्वो घेण्यावाचून पर्याय राहत नाही.

एलेव्हेटर, रडर, थ्रॉटल आणि एलेरॉन (विमान कलते करणारे पंखांवरचे पट्टे) या चारही जागी सारखाच सर्वो हवा, असा काही नियम नाही. पैसे मर्यादित असतील तर सर्वांत चांगला सर्वो एलेव्हेटरला द्यावा. एलेरॉन गेले तर रडरवर विमान वळवून समोरच्या वावरात उतरवता येते. एलेव्हेटर गेला की हातात काही उरत नाही.

चांगला सर्वो कोणता, हे पेटीवर लिहिलेले नसते, ते टेबलावर तपासावे लागते. खराट्याची एक बारीक, सरळ काडी शाफ्टच्या केंद्रापासून टोकापर्यंत २० सेंमी भरेल अशी हॉर्नवर चिकटवावी आणि टोकाखाली आलेख कागद ठेवावा. एवढ्या लांबीवर एक अंश म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. ट्रान्समीटरची स्टिक डावीकडे नेऊन सोडावी आणि टोक कोठे थांबते तेथे खूण करावी. मग उजवीकडून तेच करावे. दोन खुणांत मिलिमीटरभर फरक असेल तर तो सर्वो एलेव्हेटरला चालेल. तीन-चार मिलिमीटर असेल तर तो थ्रॉटलला लावावा. नंतर सर्वो चालू ठेवूनच काडीचे टोक बोटाने हलकेच ढकलून पाहावे, म्हणजे गिअरचा प्ले कळतो. हा प्ले वाढला की वेगात एलेव्हेटर आपोआप फडफडू लागतो, आणि तशी फडफड सुरू झालेले विमान बहुतेकदा तुकड्यांनी घरी येते. पुशरॉड (सर्वो आणि एलेव्हेटर जोडणारी तार) सर्वोच्या बाजूला आतल्या भोकात आणि एलेव्हेटरवरच्या कंट्रोल हॉर्नच्या बाजूला बाहेरच्या भोकात घातला तर हाच प्ले एलेव्हेटरपर्यंत कमी पोहोचतो आणि ताकदही वाढते.

गिअर धातूचे की नायलॉनचे, यावर फार बोलले जाते. विमान आपटल्यावर नायलॉनचे दात तुटतात, धातूचे सहसा टिकतात. परंतु सततच्या कंपनात धातूवर धातू झिजून प्ले लवकर वाढतो. मी नायलॉनचे घेतो.

बसवण्याची पद्धत मात्र निवडीइतकीच महत्त्वाची आहे. स्क्रूच्या भोकांत रबरी ग्रोमेट (कंपन शोषणारे रबरी कडे) असलेला सर्वोच घ्यावा. पितळेची नळी ग्रोमेटमध्ये खालून घालायची, म्हणजे तिची चपटी कड लाकडावर बसते आणि स्क्रू कितीही आवळला तरी रबर चिरडले जात नाही. वरून घातलेली नळी लाकडात रुतते. सर्वो ज्यांवर स्क्रूने बसतो त्या लाकडी पट्ट्यांसाठी आपल्याकडे सुताराकडे सागाचे तुकडे सहज मिळतात. पण सागात नैसर्गिक तेल असल्याने इपॉक्सी लावण्यापूर्वी ते ॲसिटोनने पुसून घ्यावे. इलेक्ट्रिक विमानात सर्रास चालणारा ग्लूगनचा डिंक किंवा दुतर्फा टेप येथे नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे आतले तापमान त्याहून कितीतरी चढते, तो डिंक मऊ पडतो आणि वरून एग्झॉस्टचे तेल झिरपून टेपही सुटते.

थ्रॉटलच्या सर्वोला भार जवळजवळ नसतो, पण तो इंजिनाला सर्वांत जवळ असतो. एरंडेलयुक्त इंधनाचे तेल आणि काळ्या मातीची धूळ यांचा चिखल त्याच्या शाफ्टभोवती बसतो, म्हणून येथे सीलबंद खोक्याचा सर्वो उपयोगी. कार्ब्युरेटर पूर्ण उघडल्यावरही सर्वो ढकलतच राहिला तर तो गुणगुणतो आणि बॅटरी खातो. ट्रान्समीटरवर त्याची हालचाल तेवढीच मर्यादित करावी.

गावाकडे कुरिअर यायला वेळ लागतो, तेव्हा सर्वोसोबत त्याच मॉडेलचा गिअर संच आणि दोन जादा हॉर्न मागवून ठेवावेत. कोणताही हॉर्न कोणत्याही शाफ्टवर बसत नाही : फुटाबाच्या शाफ्टला २५ दाते असतात, हायटेकच्या बहुतेक मॉडेलांना २४ आणि जेआरला २३, फार छोट्या सर्वोंचे दाते त्याहून वेगळे, त्यामुळे मागवण्यापूर्वी ते भिंगाखाली मोजून घ्यावेत.