दिवाळीनंतरही न उतरलेला कंदील

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चहाचा कप हातात घेतो, वर पाहतो आणि विचारतो, "दिवाळी होऊन इतके महिने झाले, कंदील अजून उतरवला नाहीत?" बैठकीच्या खोलीत मधोमध पांढऱ्या कागदाचा मोठा गोल दिवा टांगलेला आहे आणि पुण्यात कागदी दिव्याला दिवाळीखेरीज दुसरे निमित्त नसते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. घरांची अंतर्गत सजावट हा माझा व्यवसाय असल्याने गिऱ्हाइकेही तेच विचारतात. आजवर मी एका वाक्यात उत्तर देत आलो. या वेळी सविस्तर लिहितो.

हा दिवा इसामू नोगुची यांच्या 'अकारी' या कागदी दिव्यांच्या मालिकेतला आहे. नोगुची मूळचे शिल्पकार. त्यांचा जन्म १९०४ साली लॉस एंजेलिसला झाला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका, आणि बालपण जपानात गेलेले. १९२७ साली पॅरिसमध्ये शिल्पकार ब्रांकुशी यांच्या हाताखाली त्यांनी दगड घडवण्याचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले जात असताना, न्यूयॉर्कमध्ये राहत असल्यामुळे सक्ती नसतानाही, ते १९४२ साली आपणहून ॲरिझोनातल्या छावणीत राहायला गेले. तिथून बाहेर पडायला मात्र त्यांना कित्येक महिने लागले.

लाकडाचे दोन सारखेच वळणदार तुकडे एकमेकांत अडकवून त्यांवर जाड काच ठेवलेले त्यांचे मेज १९४७ पासून हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीने बनवायला घेतले. पुण्यातल्या फर्निचरच्या दुकानांतही त्याच्या नकला मला अनेकदा दिसल्या आहेत. या मेजामागची हकीकत नोगुचींनीच सांगितली आहे. त्यांनी आधी केलेल्या मेजाचे आरेखन दुसऱ्या कोणी तरी वापरलेले त्यांना एका जाहिरातीत दिसले, आणि तक्रार केल्यावर 'तीन पायांचे मेज कोणीही करू शकतो' असे उत्तर मिळाले. त्यावर त्यांनी आपले मेज नव्याने घडवले. त्यांच्या कामातला हा पीळ मला फार मोलाचा वाटतो.

दिव्यांची गोष्ट १९५१ सालची. हिरोशिमातल्या कामासाठी जपानात असताना ते गिफू शहरी थांबले. तिथल्या नागारा नदीच्या पात्रात रात्री पाणकावळ्यांकरवी मासेमारी होते आणि ती पाहायला येणाऱ्यांच्या होड्यांवर कागदी कंदील लावलेले असतात. गिफूचा हा कंदिलांचा जुना धंदा उतरणीला लागला होता, म्हणून नगराध्यक्षांनी त्यांची मदत मागितली. नोगुचींनी कारागिरांची रीत बदलली नाही. लाकडी फाळ्या जोडून केलेल्या साच्याभोवती बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, तिच्यावर तुतीच्या सालीपासून केलेल्या 'वाशी' या जपानी कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि सारे वाळले की साच्याच्या फाळ्या सुट्या करून आतून काढून घ्यायच्या, ही गिफूची पद्धत त्यांनी तशीच ठेवली. त्यांनी आत मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा बसवला आणि आकार आपले दिले. अशा आकारांची संख्या त्यांच्या हयातीत शंभराच्या वर गेली. त्यातले काही उभे खांबासारखे, काही चौकोनी, तर काही दगडधोंड्यांसारखे आहेत. नकलांचा पूर आला तेव्हा नक्कल करणाऱ्याला सहज जमू नयेत असे नवे आकार ते काढत गेले.

आपल्या आकाशकंदिलाशी तुलना केली की यातली खुबी लगेच उमगते. आपण कामट्यांचा सांगाडा बांधतो, त्यावर पतंगी कागद खळीने डकवतो, करंज्या आणि झिरमिळ्या लावतो. सांगाडा शेवटपर्यंत आतच राहतो आणि दिवा लागला की त्याच्या जाड काड्या कागदावर काळ्या उमटतात. अकारीत भार सोसणारा साचा निघून गेलेला असतो, उरते ती बारीक वळी. म्हणूनच तो घडी होऊन चपट्या खोक्यात मावतो. माझी भाची जपानहून परतताना हा दिवा कपड्यांच्या बॅगेत घालून घेऊन आली होती.

अकारी या शब्दाचा अर्थ प्रकाश. त्याच्या खुणेत सूर्य आणि चंद्रकोर असतात, आणि जुन्या मराठी शिलालेखांवर कोरलेले चंद्रसूर्य पाहत वाढलेल्या माणसाला ती खूण परकी वाटत नाही. भारताशी नोगुचींचे नातेही खोल होते. १९४९ साली ते इथे आले, जंतरमंतरची त्यांनी छायाचित्रे घेतली, आणि पुढे १९८६ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या संगमरवरी घसरगुंडीच्या 'स्लाइड मंत्रा' या नावात त्याचा पडसाद उमटला. त्याच दालनात त्यांनी कागदी दिवेही मांडले. दुकानात विकला जाणारा दिवा शिल्प म्हणून दाखवणे अनेकांना खटकले असेल, पण माझ्या मते त्यांचे सर्वांत खरे विधान तेच होते. १९८८ च्या डिसेंबरात ते वारले.

माझ्या कामावर त्यांचा ठसा आहे तो असा. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीवर ६५०० केल्व्हिनची (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा) ट्यूब असते आणि तिच्या उजेडात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. मी गिऱ्हाइकांना २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा कागदाआड लावून दाखवतो. बल्ब डोळ्यांत घुसत नाही, अख्खा कागदच उजळतो आणि खोलीत कठोर सावली पडत नाही. दहा मिनिटे त्यात बसल्यावर लोक आपसूकच आवाज खाली आणून बोलू लागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात बुरूड आळीतल्या एका कारागिराबरोबर मी असा दिवा इथेच करून पाहिला. नोगुचींचा आकार उचलायचा नाही हे आधीच ठरवले होते, म्हणून रांजणाचा आकार घेतला. कामटी कारागिराने सुरेख तासली, पण पतंगी कागद दमट हवेने सैल पडून फाटला. मग शिवाजीनगरचा हातकागद आणला. सुती चिंध्यांचा तो कागद बळकट निघाला, तरी त्यातून उजेड कमी झिरपला आणि घडी घालताना वळ्यांपाशी तो मोडला. तुतीच्या सालीचे तंतू लांब असतात, म्हणून वाशी पातळ असूनही टिकतो. तसा तंतू आपल्याकडच्या कोणत्या सालीत मिळेल याचा शोध चालू आहे, आणि साच्याच्या फाळ्या सुताराकडे कापायला दिल्या आहेत.