स्टॉकहोम : सरोवर आणि समुद्र यांच्यामधले शहर

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसले आहे, हे वाक्य प्रवासाच्या प्रत्येक पुस्तिकेत पहिल्याच पानावर असते. त्यावरून शहराची रमणीयता कळते, पण हे शहर नेमके इथेच का झाले, ते कळत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर राजवाडा किंवा संग्रहालय गाठण्याआधी थोडा वेळ स्लुसेन या जागी उभे राहावे, असे मी सुचवेन. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या या ठिकाणी पश्चिमेकडचे पाणी मेलारेन सरोवराचे, म्हणजे गोडे आहे, तर पूर्वेकडचे पाणी बाल्टिक समुद्राच्या फाट्याचे, म्हणजे मचूळ आहे. सरोवराची पातळी समुद्रापेक्षा सरासरी ७० सेंटिमीटरने उंच असल्यामुळे होड्यांना इथल्या जलपाशातून, दरवाजे उघडत-मिटत, वरखाली व्हावे लागते.

हा फरक पूर्वी नव्हता. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराखाली दबलेली इथली जमीन तो भार उतरल्यापासून वर येत आहे आणि आजही ती दर वर्षी चार-पाच मिलिमीटरने उचलली जाते. व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी योद्ध्यांच्या, काळात मेलारेन हे सरोवर नव्हतेच, तो समुद्राचाच आत शिरलेला फाटा होता. जमीन वर आल्यावर तोंडाशी प्रवाह जोरदार झाला, जहाजांना सरळ आत जाणे कठीण झाले आणि आतल्या भागातून येणारे लोखंड व तांबे इथे उतरवून पुन्हा चढवावे लागू लागले. ज्याच्या हाती हे बेट, त्याच्या हाती तो सगळा व्यापार! कोकणात खाडीच्या मुखावर किल्ला बांधून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवली जात असे, त्याच हिशेबाने इथे तटबंदी उभी राहिली. स्टॉकहोमचे नाव कागदोपत्री प्रथम १२५२ साली आढळते आणि शहराच्या स्थापनेचे श्रेय बिरगर यार्ल या सत्ताधीशाला देण्याची प्रथा आहे.

ते मूळचे बेट म्हणजे आजचे गामला स्टान, म्हणजेच जुने शहर. इथल्या मुख्य गल्लीत, वेस्टरलाँगगाटानवर, मला स्वतःला फार रमता आले नाही. लोकरीच्या टोप्या, शिंगे लावलेली प्लास्टिकची शिरस्त्राणे (व्हायकिंग योद्धे अशी शिंगे लावत होते, याला पुरावा नाही) आणि आइस्क्रीमची दुकाने यांतून वाट काढण्यातच सगळे लक्ष जाते. तिला समांतर असलेल्या प्रेस्टगाटान या गल्लीत मात्र, शंभर पावलांच्या अंतरावर, जवळजवळ शुकशुकाट असतो. तिच्या आणि कोकब्रिंकेन या उताराच्या कोपऱ्यावर एका साध्या घराच्या भिंतीत, जमिनीलगत, रुनी, म्हणजे उत्तर युरोपातली प्राचीन लिपी कोरलेला एक दगड बसवलेला आहे आणि त्याच्यापुढे जुन्या तोफेची नळी उभी गाडलेली आहे. शहर जन्माला येण्याच्याही आधीचा हा दगड कुणीतरी बांधकामाचे साहित्य म्हणून उचलला असावा. त्याच्यासमोर ना पाटी होती ना कठडा. माझ्यादेखत एक बाई त्याला सायकल टेकवून समोरच्या घरात गेल्या.

याच बेटाच्या माथ्यावर स्टोरटोरियेट हा चौक आहे. लाल आणि पिवळ्या उंच घरांमुळे स्टॉकहोमच्या निम्म्या छायाचित्रांत तो दिसतो. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने स्वीडनचा ताबा घेतल्यावर, राज्यारोहणाच्या मेजवान्या संपताच, सरदार, धर्मगुरू आणि नागरिक मिळून सुमारे ऐंशी ते शंभर जणांना या चौकात मारले. विरोध मोडून काढण्यासाठी केलेल्या या कत्तलीनेच बंड पेटले आणि ६ जून १५२३ रोजी गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला. ज्याचे वडील त्या कत्तलीत मारले गेले होते, तोच हा गुस्ताव. जवळच्या स्टोरशिरकान या मुख्य चर्चमध्ये सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन यांचे १४८९ सालचे भव्य लाकडी शिल्प आहे. तेही डेन्मार्कवरच्या १४७१ मधील विजयाचे स्मारक मानले जाते. ड्रॅगनच्या अंगावर एल्क या मोठ्या हरणाची खरी शिंगे लावलेली आहेत, ती जवळ गेल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

चौकाच्या उत्तर बाजूच्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत आता नोबेल पारितोषिकाचे संग्रहालय आहे. जागा लहान असली तरी विजेत्यांनी दिलेल्या वस्तूंमुळे ते प्रेक्षणीय झाले आहे. अमर्त्य सेन यांची सायकल तिथे आहे. आपल्याकडच्या कोणत्याही गावात भिंतीला टेकून उभी असावी तशी ती साधी सायकल पाहून आमच्यातले सगळेच काही क्षण थांबले. उपाहारगृहातल्या खुर्च्यांच्या बैठकीखाली विजेत्यांच्या सह्या असतात, त्यामुळे प्रतिष्ठित दिसणारी माणसे तिथे खुर्च्या उलट्या करताना दिसतात. राजवाड्यासमोरच्या पहारा बदलण्याच्या सोहळ्यासाठी गर्दीत ताटकळण्यापेक्षा तोच वेळ राजवाड्याच्या तळघरातल्या शस्त्रागार संग्रहालयाला द्यावा. १७९२ मध्ये नृत्याच्या समारंभात गोळी लागली, तेव्हा राजा तिसरा गुस्ताव याने घातलेला पोशाख तिथे जतन केलेला आहे.

स्टॉकहोममध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल, तर ती म्हणजे संग्रहालयात ठेवलेले वासा जहाज. स्लुसेनहून युरगोर्डेन बेटावर जाणारी फेरीबोट शहर वाहतुकीच्या साध्या तिकिटावर चालते, त्यामुळे तिथवर पाण्यातूनच जावे. राजा दुसरा गुस्ताव अॅडॉल्फ याने पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी बांधून घेतलेले हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाले आणि सुमारे १३०० मीटर जाऊन शेकडो नागरिकांच्या डोळ्यांदेखत बंदरातच बुडाले. सुमारे तीस माणसे मेली. मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर ही घटना शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जेमतेम दोन वर्षे आधीची.

जहाजावर ६४ तोफा होत्या आणि त्यांतल्या जड तोफा दोन मजल्यांवर मांडलेल्या होत्या. वरचा भार खूप आणि तळाशी भरलेल्या दगडांचे वजन त्या मानाने अपुरे, असा हा तोल होता. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावायला लावून चाचणी घेतली गेली. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतके हेलकावू लागले की नौदलाच्या अधिकाऱ्याने चाचणी थांबवली. सफर मात्र थांबवली नाही. राजा दूर युद्धभूमीवरून घाई करत होता आणि मुख्य कारागीर आदल्याच वर्षी वारला होता. नंतरच्या चौकशीत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही, कारण जहाजाच्या मापांना मान्यता खुद्द राजाने दिलेली होती. हा भाग वाचताना आपल्याकडच्या अनेक चौकशी समित्यांची आठवण झाली, हे सांगायला नको.

संग्रहालयात शिरताच अंधुक उजेडात ६९ मीटर लांबीचे काळपट ओकचे जहाज एकदम समोर येते. पण पाहण्याजोगी खरी जागा खाली, तोफांच्या झरोक्यांपाशी आहे. प्रत्येक झरोक्याच्या झडपेच्या आतल्या बाजूला सिंहाचे मुख कोरलेले आहे. झडप वर उचलली की ते शत्रूच्या दिशेने जबडा पसरून दिसावे, अशी ती योजना आणि मूळचे रंग तर भडक होते. त्या दिवशी सलामी देण्यासाठी हे झरोके उघडे ठेवलेले होते. वाऱ्याच्या झोताने जहाज कलले, खालच्या रांगेतले झरोके पाण्याला टेकले आणि त्याच सिंहमुखांखालून पाणी आत शिरले.

बुडालेल्या जहाजातल्या बहुतेक तोफा १६६० च्या दशकात, घंटेसारख्या पोकळ पात्रात उभे राहून पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांनी वर काढल्या. बत्तीस मीटर खोल, गार, काळोख्या पाण्यात हुकाने दोर अडकवून एका माणसाने हे काम करायचे, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. त्यानंतर जहाज विसरले गेले. अँडर्स फ्रान्झेन या संशोधकाने ते १९५६ मध्ये शोधले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते पुन्हा पृष्ठभागावर आले. तीनशेहून अधिक वर्षे लाकूड टिकले, त्याचे कारण पुन्हा ते मचूळ पाणीच. अरबी समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते या पाण्यात जगत नाहीत. शहराच्या सांडपाण्यानेही आपला वाटा उचलला, कारण घाण पाण्यात प्राणवायू नसल्याने लाकूड कुजवणारे जीव वाढले नाहीत. मात्र त्याच घाणीतले गंधक लाकडात मुरले असून त्यातून आम्ल तयार होते आणि तज्ज्ञांना आजही त्याच्याशी झगडावे लागते. जहाजात सापडलेल्या सांगाड्यांपैकी एकाला अनेक वर्षे ‘गुस्ताव’ म्हटले जात होते. २०२३ मध्ये डीएनए तपासणीतून ती स्त्री असल्याचे निश्चित झाले.

नगरभवन, म्हणजे स्टाड्सहुसेट, मार्गदर्शकाबरोबरच आतून पाहता येते. १९२३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीतले निळे दालन निळे नाही, कारण वास्तुरचनाकार रॅगनार ऑस्टबर्ग यांना लाल विटा उघड्याच आवडल्या आणि गिलावा राहून गेला. नोबेलची मेजवानी याच दालनात होते. सोनेरी दालनातली १ कोटी ८० लाख तुकड्यांचे जडावकाम थक्क करते, पण डोळ्यांना थकवतेही. मेट्रोची खडकात कोरलेली स्थानके मला याहून अधिक आवडली. टी-सेंट्रालेन स्थानकाच्या छतावरची निळी वेलबुट्टी पाहण्यासाठी तिकीट काढले तरी वाया जात नाही.

खाण्याचे फार लिहीत नाही. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, नळाचे पाणी निःशंक प्यावे आणि रोख पैशांवर विसंबू नये, कारण कित्येक दुकाने ते घेतच नाहीत. इथल्या गोड बनमध्ये भरपूर वेलची असते. भाजणाऱ्या बेकरीसमोरून जाताना थेट दिवाळीतल्या स्वयंपाकघराचा वास येतो.

नाटकाची आवड असणाऱ्यांनी ड्रॉटनिंगहोम राजवाडा चुकवू नये. राजवाड्याशेजारचे १७६६ सालचे छोटे रंगमंदिर तिसऱ्या गुस्तावच्या खुनानंतर बंद पडले आणि कोठारासारखे वापरले गेले. १९२१ मध्ये ते पुन्हा उजेडात आले, तेव्हा रंगमंचाखालची लाकडी यंत्रे जागच्या जागी होती. चाक फिरवले की दोरांवरून सगळे देखावे एकदम सरकून प्रवेश बदलतो, नागमोडी रूळ फिरवून समुद्राच्या लाटा उठवतात आणि दगड भरलेली लाकडी पेटी हलवून गडगडाट काढतात. संगीत नाटकांतल्या रंगवलेल्या पडद्यांच्या आणि ट्रिकसीनच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या मराठी माणसाला हे सगळे फारसे परके वाटणार नाही. उन्हाळ्यात इथे अजूनही याच यंत्रांवर ऑपेरा होतात. जाताना नगरभवनाजवळून सुटणारी बोट घ्यावी, कारण मेलारेनवरचा सुमारे तासाभराचा तो प्रवास मेट्रो आणि बसच्या प्रवासापेक्षा लांबला, तरी कंटाळवाणा होत नाही. रंगमंदिर आतून दाखवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून बोटीची वेळ त्यांच्याशी जुळते का, हे निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.