कॅमेऱ्याच्या नादात सुट्टी गेली
आज अख्खी सुट्टी कॅमेऱ्यात गेली, म्हणजे फोटो काढण्यात नाही, कुठला घ्यावा यातच. मोबाईलवर बागेतले पक्षी टिपून कंटाळा आलाय, झूम केलं की नुसता काळा ठिपका अन् घरचे विचारतात हा कावळा का, अहो बुलबुल आहे तो!

मित्राचा ६०एक्स झूमवाला ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) मागून आणला होता. सकाळच्या उन्हात खरंच भारी, कठड्यावरच्या चिमणीच्या चोचीला चिकटलेला दाणापण दिसला. पण संध्याकाळी तीच चिमणी झाडाखाली आली तर शटर १/६० सेकंदावर उतरलं, म्हणजे फोटो हलणारच, अन् आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवला तर पिसांचा पार चिखल. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, केवढासा, १/२.३ इंची म्हणजे जेमतेम ६ बाय ४.५ मिमी, लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर त्याच्या १२-१३ पट मोठा असतो. त्यामुळे मेगापिक्सेलवर भुलायचं नाही अन् डिजिटल झूम तर बंदच ठेवायचा, ते नुसतं क्रॉप, म्हणजे फोटो कापून मोठा करणं आहे.

मग सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा आरशाचा कॅमेरा) अन् ७०-३०० मिमी झूम लेन्स डोक्यात शिरलं. एपीएस-सीसारख्या क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) ३०० मिमीचे ४५०-४८० सारखे होतात, बागेतल्या अंतराला पुष्कळ झाले. फक्त घेताना शटर काउंट (आत्तापर्यंत किती फोटो काढलेत) बघायचा, लेन्समधे टॉर्च मारून बुरशी नाही ना ते बघायचं, आणि ऑटोफोकस सिंगल पॉइंटवर (एकाच ठरवलेल्या ठिपक्यावर) ठेवून बघायचा, नाहीतर पक्षी सोडून मेला पुढच्या फांदीलाच धरतो.

एवढं ठरेपर्यंत अंधार पडला, बुलबुल कधीच झोपायला गेले.